पाटलाच्या वाड्यापासून डावीकडे

नागपूरकराला कुठेही नेऊन सोडा, तो आधी चौक शोधतो. चौकात पानठेला असतो आणि पानठेल्यावर गावाबद्दलचं मत आयतं मिळतं. लातूरहून औशामार्गे एसटीने नव्या किल्लारीत उतरलो, तर चौकांची नुसती चंगळ. सरळ रस्ता, त्याला काटकोनात दुसरा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट. अरे बाप्पा, हे तर ले-आउट! बेसा-मनीषनगरात प्लॉट नंबर शोधत हिंडण्यात ज्याची उमर गेली, त्याला इथे गाइड कशाला? पिशवीत संत्रा बर्फी, खिशात हाताने काढलेला नकाशा, आणि निघालो.

"काकाजी, बँक कुठे आहे हो?"

ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं हात लांब केला. "पाटलाच्या वाड्यापासून डावीकडं वळा की."

वाडा काही दिसेना. पुढच्या बाईंना विचारलं. त्यांनीही वाड्याचीच खूण सांगितली, वर वेशीची भर घातली. वेसही दिसेना. शेवटी शाळेतून सुटलेल्या एका पोरानं खुलासा केला, "काका, वाडा जुन्या गावात हुता. वाड्याजवळची मान्सं आता हितं ऱ्हातात." म्हणजे पत्ता बरोबरच होता, फक्त वाडा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात पडला होता. हे पोर त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेलं, पण वाड्याच्या डावी-उजवीत त्याचा गोंधळ नाही.

त्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, त्यांवर लाकडाचं माळवद आणि त्याच्या डोक्यावर माती. गळती थांबावी म्हणून तिच्यावर पुन्हा माती टाकत राहायची. उन्हाळ्यात असं घर कसं गार राहत असेल हे आम्हा पंचेचाळीस डिग्रीवाल्यांना सांगायला नको. ते सगळं एकदम खाली आलं. लातूर-उस्मानाबादेत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली.

मग जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. बावन्न गावं उचलून नव्या जागी मांडली. घर किती मोठं, हे जमिनीवर ठरलं: एक हेक्टरपर्यंतवाल्यांना आणि भूमिहीनांना 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यापुढे 750. चुलीभोवती किती माणसं बसतात, याला या हिशेबात रकाना नव्हता.

तो रकाना लोकांनी मागाहून स्वतःच भरलेला दिसतो. एका अडीचशेवाल्या घरापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. मूळ खोलीत सोयाबीनची पोती. पुढे पत्र्याचं शेड, त्यात खाट, टीव्ही आणि आजी. शेडपुढे गोठा आणि गोठ्यापुढे कडब्याची गंजी. गंजीने रस्त्यावर हातभर आक्रमण केलेलं. न्हाणीघरात गोवऱ्या रचलेल्या, त्याही अशा काटकोनात की नगररचनाकार गहिवरावा. दोन ट्रक शेजारून जातील एवढा रस्ता त्याने आखला होता. त्याच्या मधोमध एक म्हैस बांधलेली होती, आणि ट्रक आलाच तर वळसा त्याने घालायचा होता. आमच्याकडे ले-आउट मोडायला बिल्डर लागतो. इथे एका म्हशीवर भागलं होतं.

जुन्या गावाकडे जाऊन आलो. स्मृतिस्तंभ आहे, दर 30 सप्टेंबरला तिथे मानवंदना होते. तिथे गप्प बसलो. नागपूरकराला ते जड जातं, पण जमलं.

परत आलो तर ओट्यावरचे काकाजी तिथेच. "घावली का बँक?" म्हणाले आणि चहा सांगितला. मी बर्फी काढली.

"नागपूरला येतो का भूकंप?"

"सत्त्याण्णव साली जबलपूरला झाला होता ना, तेव्हा पहाटे चारनंतर आमची भांडी वाजली. अख्खा मोहल्ला सकाळपर्यंत चौकात. एक भिंत पडली नाही, पण गोष्टी अजून सांगून राहिले लोक!"

"आमची जमीन ब्याण्णवपासनंच गुरगुरायली हुती," काकाजी म्हणाले.

विषय जड होतोय असं वाटून मी घाईने सांगितलं, "तशी काळजी नाही काकाजी. आमचं नागपूर भूकंपाच्या नकाशात झोन दोनमध्ये आहे. सगळ्यांत कमी धोका."

काकाजींनी बर्फीचा तुकडा निवांत चघळला.

"आमी झोन एकमदी हुतो."

मी गप्प.

"आमच्याहून कमी धोका कुनालाच नव्हता, बगा. मग 2002 ला सरकारनं एक नंबरचा झोनच काढून टाकला, आन् आमाला टाकलं तिसऱ्यात." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजी आता कमी धोक्याचे तुमीच. जपून ऱ्हावा."