पाठीवरचा कब्जा

कुस्तीविषयी अधिकारवाणीने बोलण्यास स्वतः लंगोट कसावा लागतो, हा समज मी फार पूर्वीच निकालात काढला असून, चिखलोलीच्या आसपास जत्रेचा फड लागला की हौद्याच्या कडेला खुर्ची टाकून ‘अरे, मागे जा! कब्जा घे!’ असे हुकूम सोडणे, हे मी माझे वंशपरंपरागत वतन समजतो. दस्ती ओढून प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे जावे, कमरेला मिठी घालून त्याला मातीत बसवावे आणि वरून भार टाकीत घिस्स्याची संधी शोधावी, ही सारी क्रिया मला मुखोद्गत आहे. ती माझ्या हातापायांना अवगत नाही, हा तपशील गौण होय.

आता या कब्ज्याचे कायदेशीर स्वरूप पाहा. (नव्या रेल्वे स्थानकाची वार्ता आल्यापासून चिखलोलीत गुंठ्याखेरीज विषयच उरलेला नसल्यामुळे या विवेचनाला श्रोते आयते मिळतात.) आमच्या मातीत पाठीवर नुसते बसून पदरात काहीच पडत नाही, प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकेपर्यंत वरच्याकडे वहिवाट असते, मालकी नसते. मॅटवर मात्र मागे जाऊन खाली आणल्याबरोबर २ गुण, म्हणजे नुसत्या ताबेपावतीवर खरेदीखत. आणि ब्राझीलच्या जिउ-जित्सूत तर पाठीवर चढून दोन्ही पाय आत गुंतवले की ४ गुण, शिवाय गळा आवळण्याची परवानगी! १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वये जमिनीवरील प्रतिकूल कब्जा १२ वर्षे अबाधित राहिला तर मूळ मालकाचा हक्क संपुष्टात येतो. आमचे काही पैलवान याच कलमाच्या भरवशावर पाठीवर ठाण मांडून असावेत, असा संशय मला भर उन्हात अनेकदा आला आहे.

तथापि अशा वेळी गर्दीतून ‘सोडवा, सोडवा!’ अशी हाकाटी उठली की माझे पित्त खवळते. पालथा पडलेला, नाकातोंडात माती गेलेला, कोपरे अंगाशी आवळून मान चोरणारा तो खालचा पोर काहीच करीत नाही, असे या मंडळींना वाटते. पालटले न जाणे हाच त्याचा सारा पराक्रम असतो आणि त्याला बक्षीस नसते. मोठ्यांची गतही निराळी नसते: गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतून उठून १९४८ साली लंडनच्या मॅटवर उभे राहिले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांना स्वतःचे घर गहाण ठेवावे लागले. कांस्यपदक आल्यावर मिरवणूक निघाली. अर्जुन पुरस्कार मात्र १९८४ मधील त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर कैक वर्षांनी रुजू झाला. ‘सोडवा’ म्हणणारी हीच गर्दी त्या मिरवणुकीतही होती.

असो. एका वस्तादांनी मध्यंतरी अत्यंत अदबीने ‘काका, जरा खाली बसून दाखवा की’ अशी विनंती केली आणि तालमीतले एक किरकोळ दिसणारे पोर माझ्या पाठीवर सोडले. त्याने छाती माझ्या खांद्यांवर टेकवली, हनुवटी मणक्यात रुतवली, आणि कायद्याची सर्व कलमे माझ्या स्मृतीतून तत्काळ खारीज झाली. तेव्हापासून मी खालच्याचे वकीलपत्र घेतले असून ‘कोपर आत घे! मान उचलू नकोस!’ असे ओरडत असतो. वस्तादांनी माझी खुर्ची नारळवाल्याच्या पलीकडे हलविली आहे. आवाज तेथूनही पोहोचतो.