प्रकल्पग्रस्त वासुकीस वडसेकराचे अनावृत पत्र

प्रति,
श्री. वासुकी नाग,
मु. समुद्रमंथनाचं शिल्प, पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे,
सुवर्णभूमी विमानतळ, बँकॉक

सा. न. वि. वि.

आपण आम्हाला ओळखण्याचं कारण नाही. 2019 साली आपल्या विमानतळावरून साडेसहा कोटी प्रवासी गेले-आले. आमच्या अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत जेमतेम पावणेअकरा लाख. तरी आमचा माणूस येतो बापा. धानाचं वर्ष बरं गेलं, की कुणी राइस मिलवाला, कुणी निवृत्त गुरुजी टूरवाल्याने दिलेली टोपी घालून आपल्यासमोर उभा राहतो आणि फोटो काढतो. कोणत्या बाजूला देव आणि कोणत्या बाजूला दैत्य, हे त्याला गाइडने सांगावं लागत नाही. तोंडाकडे कोण, शेपटीकडे कोण हे त्याने लहानपणीच कीर्तनात ऐकलेलं असतं.

तो आपल्यापर्यंत कसा पोचतो, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलं नसेल. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वे स्टेशन म्हणून आलं ते एक वडसा. गोंदिया ते चांदा फोर्ट या मार्गावरचं. इथून नागपूरला जायचं, तर ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असं रस्त्याने धक्के खात जावं लागतं. नागभीडहून नागपूरला छोटी गाडी होती, ती रूळ मोठे करायचे म्हणून नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. नागपूरहून मुंबई किंवा कोलकाता, मग बँकॉक. एवढं करून आलेल्या माणसाला आपल्या विमानतळाची लांबी-रुंदी काय घाबरवणार?

तरीही काही तक्रारी आहेत, त्या नोंदवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, तिथे फार पाट्या आहेत. आमच्याकडे वाट पाटीला विचारत नाहीत, माणसाला विचारतात. वडसा स्टेशनवर उतरून कुणी म्हणालं, 'कुरखेड्याची गाडी कुठून सुटते हो?', की पानठेलेवाला, ऑटोवाला आणि नुसताच उभा असलेला असे तिघे सांगतात आणि चौथा म्हणतो, 'चला, मी तिकडेच जाऊन राहिलो.' आपल्याकडे सारं बाणांनी सांगून ठेवलंय. उतरलात तर दुसरा मजला, जायचं असेल तर चौथा, टॅक्सी पहिल्यावर, शहरात नेणारी रेल्वे तळघरात. टॅक्सीचा नंबरसुद्धा यंत्रातून चिठ्ठीवर येतो आणि मीटरवर किती बाथ जास्तीचे द्यायचे, हेही आधीच ठरलेलं. घासाघीस करायला जागा नाही, म्हणजे बोलायलाच जागा नाही! साडेपाच लाख चौरस मीटरच्या इमारतीतून एक शब्द न उच्चारता बाहेर पडता येतं, याला प्रवास म्हणावं की पार्सल?

रात्री तीनच्या विमानाबद्दल आमची काही तक्रार नाही. इतर प्रवासी त्या वेळी खुर्च्यांवर वाकडेतिकडे निजलेले असतात, आमचा माणूस टक्क जागा. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशातच असतात, हे आपल्या कानी आलं असेलच. दिवाळी झाली की हंगाम सुरू. दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री नाटक. तीन वाजता तर कुठे खलनायक उघडा पडायला लागतो. उजाडेपर्यंत सतरंजीवर बसणाऱ्या या प्रेक्षकाला गेटवरच्या गादीच्या खुर्चीचं काय अप्रूप! एकच सुचवणं आहे. शेवटच्या बोलावण्याची घोषणा करणाऱ्या बाईंना थोडा आवाज चढवायला सांगा. एवढ्या शांतपणे बोलावलं, तर आमच्याकडे प्रयोगाला कुणी घराबाहेर पडणार नाही.

चेक-इनच्या दालनात उभ्या असलेल्या बारा राक्षसांना आमचा नमस्कार सांगा. त्यांच्यात दशाननही आहे, हे आम्हाला विशेष वाटलं. आमच्या जिल्ह्यात रावणाला पूर्वज मानणारी गोंड गावं आहेत. दसऱ्याला त्याला जाळू नका, असं ती दरवर्षी सांगतात. आपल्याकडे तो रखवालदाराच्या मानाच्या जागी उभा आहे आणि सामान घेऊन रांगेत उभे असलेले लोक त्याच्या पायाशी टेकून फोटो काढतात. हे पाहून आमच्या काही मित्रांना फार बरं वाटेल, काहींना वाटणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपण स्वतः प्रकल्पग्रस्त आहात. जिथे आज विमानं उतरतात ती जागा नागांसाठी ओळखली जाणारी दलदल होती. 1973 मध्ये जमीन घेतली गेली. बाकीचे नाग कुठे गेले कुणी विचारलं नाही, आपल्याला मात्र प्रकल्पाच्या आतच, थंडगार हवेत, कायमची नोकरी मिळाली. काम दोरीचं का असेना! आमच्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या प्रकल्पग्रस्तांनी हे ऐकलं, तर ते आपल्याला अर्ज लिहायला लावतील.

बँकॉकहून परतलेला माणूस पानठेल्यावर उभा राहून सांगतो, 'तिकडे पाहा, कसं सारं पटापट. नाहीतर आपलं!' लोक माना डोलावतात. 1973 साली घेतलेल्या जागेवर विमानतळ सुरू झाला 28 सप्टेंबर 2006 रोजी, हे त्याला ठाऊक नसतं. मधे तेहतीस वर्षं गेली. सरकारं आली, गेली, 1997 चं आर्थिक संकट आलं आणि उद्घाटनाच्या नऊ दिवस आधी तर लष्कराने सत्ताच हातात घेतली. तरी फीत कापली गेली.

वडसा ते गडचिरोली ही 52 किलोमीटरची रेल्वे 2011-12 मध्ये मंजूर झाली. तेहतीस वर्षांचा आपला हिशेब लावला, तर 2044 पर्यंत आम्हाला ओरडायचा हक्क नाही. हा हिशेब आम्ही रेल्वेच्या साहेबांना मुद्दामच कळवलेला नाही. गोसीखुर्दने तर हा विक्रम कधीच मोडला. पायाभरणी 1988 ची आणि कालव्यांची कामं अजून चालूच. तेवढ्यात आमच्याकडे विमानतळाचीही भाषा सुरू झाली आहे. गडचिरोलीला रेल्वेच्या आधी विमान उतरलं, तर प्रवाशांनी ते पाहायला वडशाहून एसटीने जावं.

म्हणून विनंती अशी, की आपण महिन्याभराची रजा काढून इकडे यावं. या रेल्वेचा खर्च केंद्राने अर्धा आणि राज्याने अर्धा करायचा आहे, म्हणजे दोन्ही टोकांना ओढणारे तयारच आहेत. मंदार पर्वताच्या जागी वनजमिनीची फाईल ठेवू, ती हलायला तितकीच जड आहे. तोंडाकडे कोणी उभं राहायचं आणि शेपटीकडे कोणी, यावर दोन-चार बैठका होतील, त्याची तयारी ठेवावी. भाडं आम्ही वर्गणीतून देऊ.

आपला,
एक वडसेकर

ता. क. हे पत्र आमच्या गावाकडच्या कुणी वाचलं, तर त्याच्यासाठी दोन गोष्टी. वडसा आणि देसाईगंज ही एकाच गावाची नावं, पण सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग हे बँकॉकचे दोन वेगळे विमानतळ आहेत, शहराच्या दोन बाजूंना. तिकिटावर कोणता लिहिलाय ते घरूनच पाहून निघा. आणि 1 मे 2025 पासून थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. सरकारी साइटवर ते फुकट आहे. त्याचे कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.