एकाच धीवराचा थवा

आमच्या दिवाणखान्यात सात कवड्या धीवर राहतात. खरं तर एकच राहतो; पण रासक्रीडेतल्या कृष्णासारखा तो एकाच वेळी सात ठिकाणी आहे. भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्याकाठी, जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी तो मला भेटला. हा काळापांढरा पक्षी सावज हेरताना हवेत एकाच जागी पंख फडफडवत राहतो, बंद दुकानासमोर 'आता उघडेल' म्हणून थांबलेल्या गिऱ्हाइकासारखा. मग एकदम पंख मिटतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. कॅमेरा तिपाईवर घट्ट, सेकंदाला वीस फोटो. घरी येऊन ते संगणकावर एकावर एक रचायचे, पाणी आणि लव्हाळी एकाच फोटोतली ठेवायची, बाकीच्यांतून फक्त पक्षी उचलायचा. गंमत अशी, की जिथे तो सर्वांत जास्त वेळ होता तिथला एकच धीवर ठेवता येतो. नाहीतर पंखांची गोधडी होते. वाट पाहण्याला चित्रात जागाच नाही. जागा मिळते ती पडण्याला.

ही युक्ती माझी नव्हे. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सेकंदाला बारा चित्रं टिपणारी बंदूक केली (तिने एकही पक्षी मेला नाही), आणि पुढे काळ्या पडद्यापुढून उडणारा पक्षी एकाच काचेवर पुन्हा पुन्हा उमटवला. अजिंठ्याच्या चित्रकारांना तर तेवढाही खटाटोप पडला नाही. तिथे एकाच भिंतीवर एकच माणूस इकडून निघतो, तिकडे पोचतो, आणि हा दोनदा कसा असं कुणी विचारत नाही.

माझ्या धीवराला मासा मिळाला नाही. दुसऱ्या एका फोटोत मासा होता. तो उचलून या चोचीत ठेवणं दोन मिनिटांचं काम. रात्री बराच वेळ बसलो, मग संगणक बंद केला. मासा दुसऱ्याचा होता. आता सर्वांत वरच्याच्या चोचीत आशा आहे आणि सर्वांत खालच्याच्या चोचीत पाणी, आणि वरच्याला खालची बातमी अजून कळलेली नाही. वडिलांच्या कॉलेजातल्या फोटोपुढेही माझं असंच होतं. पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेल्या त्या मुलाला काहीतरी सांगावंसं वाटतं. काय ते मात्र सुचत नाही.

परवा आत्या आली होती. चष्मा पुसून तिने बोटाने सातही मोजले.

"अरे, या शेवटच्याला काहीच मिळालं नाही का? वरच्यांनी द्यावा की एकेक घास."

"आत्या, ते सगळे एकच आहेत गं."

"तेच म्हणतेय मी," आत्या म्हणाली, "एकच आहेत, तर द्यायला नको?"