निरोपाच्या भेटीतले मोकळे किलो

अमेरिकेतल्या मुलाकडे वा मुलीकडे सहा महिने राहून परतणारे मराठी ज्येष्ठ दांपत्य शेवटचा आठवडा जुन्या स्नेह्यांसाठी राखून ठेवते. ही प्रथा आता इतकी रूढ झाली आहे, की तिच्या खऱ्या प्रयोजनाची चिकित्सा होणे अगत्याचे ठरते. जुना स्नेही म्हणजे एकेकाळी वसतिगृहात खोली वाटून घेतलेला, पदवी मिळताच परदेशी गेलेला आणि सध्या न्यू जर्सीतील एडिसनच्या आसपास निवृत्त जीवन जगणारा अभियंता होय. आमंत्रण त्याच्याकडूनच येते आणि त्यात प्रकृतीच्या चौकशीआधी एक प्रश्न असतो : ‘बॅगांत जागा किती आहे?’

या प्रश्नाचे उत्तर ‘मोकळ्या किलों’त द्यायचे असते. विमान कंपनीने ठरवून दिलेल्या वजनातून प्रवाशाचे स्वतःचे सामान वजा जाता जे उरते, आणि ज्यावर प्रवासी सोडून इतर सर्वांचा हक्क असतो, ते मोकळे किलो. भारताकडे येणाऱ्या साध्या तिकिटावर बहुधा प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. म्हणजे दांपत्य ही ९२ किलो वाहून नेणारी एक फुकट मालवाहू संस्था ठरते.

वजन करण्याची रीत तपशिलाने पाहण्याजोगी आहे. हातात धरायचा काटा ऐनवेळी सापडत नसल्याने बाथरूममधला वजनकाटा दिवाणखान्यात आणला जातो. पाहुण्याने आधी नुसते त्यावर उभे राहायचे, मग बॅग कवटाळून उभे राहायचे आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करायचा. बॅग कवटाळल्यावर उभ्या माणसाला आकडा दिसत नाही, त्यामुळे गुडघे बदललेला यजमान विजेरी घेऊन गालिच्यावर पालथा पडतो आणि पाहुण्याचे वजन घरभर ऐकू जाईल अशा आवाजात पुकारतो. सहा महिन्यांच्या चीजचा हिशेब असा चारचौघांत होतो. काटा पौंडांत असल्याने पुढे वाद निघतो : ५० पौंड म्हणजे २२.६८ किलो, मग मधले ३२० ग्रॅम कोणाचे? दोन्ही अभियंते या ३२० ग्रॅमवर तासभर खल करतात. एवढ्या वर्षांत कोण गेले, कोण आजारी आहे, वसतिगृहाच्या त्या खोलीचे पुढे काय झाले, यातले काहीही बोलायला मग वेळ उरत नाही. चहाबरोबर येते ती पाहुण्यांनीच पुण्याहून वाहून आणलेली बाकरवडी.

आणि त्या ३२० ग्रॅमांत काय बसवायचे असते? बदाम! जगातले बहुतेक बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि भारत हे त्यांचे एक मोठे गिऱ्हाईक आहे. तेच बदाम जहाजाने येऊन कोथरूडच्या वाण्याकडे बरणीत भरलेले असतात, चिक्की-लाडूंच्या शेजारी, उघड्या डोळ्यांना दिसतील असे. तरीही ते आधी अख्खा अमेरिका खंड ओलांडून न्यू जर्सीच्या घाऊक दुकानात यावेत आणि तिथून कंबरेला पट्टा बांधलेल्या सत्तरीच्या माणसाने ते पुण्याला न्यावेत, कारण यजमानाच्या मेव्हण्याच्या भाच्याला ‘तिकडचे’ बदाम आवडतात. हा कसला स्नेह आणि हे कसले लाड? पार्सल पाठवायला पैसे पडतात, म्हातारा मित्र फुकट मिळतो, एवढेच यामागचे अर्थशास्त्र आहे, आणि लाज वाटण्याइतके ते उघडे आहे. विमानतळावर ‘बॅग स्वतः भरली का, कोणी काही दिले आहे का’ असे विचारले जाते, तेव्हा पस्तीस वर्षे शाळेत सत्य शिकवलेल्या बाई नजर न हलवता खोटे सांगतात, तेही परक्याच्या बदामांसाठी. बॅग तरीही जास्त भरते. मग भर रांगेत ती उघडून नातवाने दिलेला जाड स्वेटर बाहेर निघतो. बदाम काढण्याची सूचना कोणीही करत नाही.

पुण्यात पोहोचल्यावर भाच्याला फोन जातो. घरी बदाम आहेतच, असे तो प्रांजळपणे सांगतो. मात्र मामांचे मन मोडू नये म्हणून काकांनी रविवारी जमल्यास पिशवी आणून द्यावी, रिक्षानेच यावे, कारण सोसायटीत पाहुण्यांना पार्किंग नाही.