फटकाऱ्याचा फॉन्ट

दिल्लीत रस्त्याच्या नावाची पाटी चार लिप्यांत असते: देवनागरी, रोमन, गुरुमुखी आणि उर्दू. चारही लिप्यांत रस्ता सारखाच तुंबलेला. पण या सरकारी अक्षरांना चेहरा नसतो. खरी मजा पहाडगंजच्या गल्लीतल्या जुन्या पाटीवर, नाहीतर ट्रकच्या पाठीवर. तिथं शेवटचं अक्षर संपता संपता पेंटरनं ब्रश असा काही फिरवलेला असतो की मालाबद्दल आपोआप विश्वास वाटू लागतो.

फ्लेक्स आला आणि पेंटर घरी बसला. आता त्याच फ्लेक्सवर पेंटरसारखं अक्षर हवं म्हणून ग्राहक हटून बसतात!

दिल्लीतच हनीफ कुरेशी या कलाकारानं पेंटरांकडून वर्णमाला रंगवून घेतल्या आणि त्यांचे फॉन्ट केले. उपक्रमाचं नाव ‘हँडपेंटेड टाइप’. लोदी कॉलनीच्या भिंती चित्रांनी बोलक्या करणाऱ्यांतले हेच कुरेशी. २०२४ साली ते गेले. फॉन्टची नावं पेंटरांचीच: कफील, उमेश, किशोर. हे मला फार आवडतं. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथनं १९४२ साली केलेला जगप्रसिद्ध फॉन्ट नुसताच ‘ब्रश स्क्रिप्ट’ म्हणून ओळखला जातो. बिचाऱ्या स्मिथला कोण विचारतो? आपल्याकडे कमल शेडगे यांनी किती नाटकांची नावं हातानं रेखाटली! प्रत्येक नाटकाला त्याच्या स्वभावाचं अक्षर. त्या काळी जाहिरातीतलं नाव पाहूनच कळायचं, रुमाल न्यायचा की नाही.

फॉन्टला मात्र एकच स्वभाव जन्मभर पुरवायचा असतो. ब्रशमधला रंग सरत आला की फटकाऱ्याच्या टोकाला केस फाकतात, मधून भिंत दिसते. फॉन्टमध्ये हे फाकणंही येतं, पण दर वेळी त्याच जागी. ‘मामा’ लिहा, दोन्ही म एकाच सदऱ्याच्या दोन बाह्यांसारखे एकाच ठिकाणी उसवलेले. म्हणून हुशार कारागीर एका अक्षराची दोन-तीन रूपं करून ठेवतात आणि ती आलटून पालटून येतील अशी सोय करतात. थोडक्यात, चुकण्याचं वेळापत्रक.

देवनागरीत आणखी एक पेच, शिरोरेघेचा. पेंटर शब्दभर एका दमात रेघ ओढतो. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं, आणि शेजारच्याशी उंची, जाडी जुळली नाही की सांधा लगेच डोळ्यांत खुपतो. म्हणून काही जण शिरोरेघच उडवून मोकळे होतात.

अशी अक्षरं मथळ्यासाठी, मोठ्या आकारासाठी घडवलेली असतात. उत्सवाची अख्खी कार्यक्रमपत्रिका त्यांत छापली की १ आणि ९ ओळखू येत नाहीत आणि निम्मी मंडळी आरती संपल्यावर उगवतात. तेव्हा, पत्रिका करणाऱ्यांनो, बाप्पाचं नाव खुशाल ब्रशनं येऊ द्या. वेळ आणि पत्ता मात्र साध्या, सरकारी अक्षरात छापा.