गोठ्याचे वर्कशॉप

निवृत्तीनंतर कोकणात परतलेल्या गृहस्थांना हल्ली गाईपेक्षा गोठ्याचा लळा फार. गाय केव्हाच गेली. तिच्या जागी आता ‘वर्कशॉप’ होणार. डागडुजीला हात लागण्याआधीच रंधा, पटाश्या, गिरमिट आणि दोन ड्रिल मशिनी खोक्यांसकट हजर. लाकूडकाम तसे सुरूच आहे, पण ते वाळवी करते, तेही बिनमजुरीचे.

छप्पर मात्र मंगळुरी कौलांचेच हवे. बासेल मिशनने ही कौले मंगळुरात १८६५ साली पाडायला घेतली, हे पाहुण्यांना ऐकवायचे असते ना! आता कौल बसते रिपांवर, रिपा वाशांवर, वासे भिंतीवर. आणि भिंतीला ओल. तिच्यावर उपाय म्हणजे जोत्याभोवती चर खणून पावसाचे पाणी वळवणे. पण चराचा फोटो चांगला येत नाही. म्हणून भिंतीला झकास ऑइलपेंट. ओल आत कोंडते, श्रावण सरेपर्यंत पापुद्रे सुटतात, रंध्याचे पाते गंजते.

या सगळ्यातून तयार होणारी पहिली वस्तू म्हणजे हत्यारे टांगायची फळी. बहुधा शेवटचीही तीच. घरातली मोडकी खुर्ची दुरुस्तीला गावच्या सुताराकडे जाते. त्याचे वर्कशॉप पडवीत आहे.