मालकीणबाई, चाकं किती?

घरातल्या कर्त्याने नोकरी सोडली की लोक विचारतात, आता पगाराचं काय? अहो, पगार गेलेला पहिल्याच महिन्यात दिसतो. पण पगाराच्या शेपटाला धरून जे काय काय घरात शिरलेलं असतं, ते मागच्या दाराने एकेक करून निघून जातं, तेव्हा खरी पंचाईत.

आमच्या ह्यांनी भोसरीतल्या कारखान्याला मार्चअखेर रामराम ठोकला. ग्रॅच्युइटी डाउन पेमेंटला घातली आणि दारात छोटा हत्ती, म्हणजे मालाचा टेम्पो, झुलू लागला. गजान्तलक्ष्मी म्हणतात ती हीच. फक्त आमच्या गजाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेत जातो.

पगारातून 12 टक्के पीएफ कापला जायचा तेव्हा हे करवादायचे. तितकीच भर कंपनी घालायची, हे आता आठवतं. ईएसआयचं तर विचारूच नका. 21 हजारांपर्यंत पगार असलेल्याचे पाऊण टक्का कापायचे, कंपनी सव्वातीन टक्के घालायची आणि त्यात अख्खं घर दवाखान्यात जायचं. आता मालकही हेच आणि कामगारही हेच. कामगाराने मालकाकडे विषय काढला की मालक म्हणतो, डिझेलचे पैसे सुटू देत, मग बघू.

ईएसआयचा नियम घरात एकट्या सासूबाईंना पाठ होता. ऑक्टोबर ते मार्च वर्गणी भरलेली असली की जुलै ते डिसेंबर इलाज मिळतो. म्हणजे नोकरी मार्चमध्ये सुटली तरी दवाखाना सुटायला डिसेंबर उजाडणार. हे ऐकल्यावर सासूबाईंनी दुखण्यांचा कार्यक्रमच आखला. ऑगस्टमध्ये उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू, दिवाळीआधी डाव्या डोळ्याचा, मधल्या काळात बीपी, शुगर आणि कानाची तपासणी. गुडघ्याने मात्र दगा दिला. तो जानेवारीत दुखायला लागला. "मेल्याला तीन आठवडे आधी दुखायला काय झालं होतं?" असं त्या गुडघ्याकडे बघून म्हणाल्या. आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहे, पाच लाखांपर्यंत. पण तिथे आजार यादीत बसावा लागतो, आणि नुसतं 'चढताना कळ येते' हे कुठल्याच यादीत बसत नाही.

मग आला उत्पन्नाचा प्रश्न. पगारदाराचं उत्पन्न म्हणजे एक आकडा. स्लिप दाखवली की झालं. धंदेवाल्याचं उत्पन्न ज्याला दाखवायचं त्याच्या मापाने शिवून घ्यावं लागतं. सेतूत दाखल्याचा फॉर्म भरताना तिथला मुलगा म्हणाला, "काका, उत्पन्न किती टाकू?" जणू चहात साखर विचारतोय. हे म्हणाले, महिन्यागणिक वेगळं असतं. लग्नसराईत बरं, पावसाळ्यात शून्य, आणि मेहुण्याने घर बदललं तर उणे.

आयकरवाल्यांनी मात्र हा घोळच ठेवलेला नाही. लहान मालवाहू गाडीवाल्याने वह्या लिहायच्या नसतील तर गाडीमागे महिन्याला 7,500 रुपये उत्पन्न धरून मोकळं व्हायचं. म्हणजे वर्षाचे 90 हजार. हा आकडा मला फार आवडला. लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, आम्ही तिच्या निम्म्यावरही नाही! त्याच आनंदात हे रिटर्न घेऊन घराच्या कर्जाला बँकेत गेले. साहेबांनी 90 हजार वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "एवढ्यात घर कसं चालतं तुमचं?" हे म्हणाले, "कर्जावर." ते प्रकरण तिथेच मिटलं.

बरं, आयकर खात्याच्या लेखी आम्ही गरीब, बँकेच्या लेखी तर महागरीब. निदान लाडक्या बहिणीचे माझे 1,500 तरी सुरक्षित, अशी मी निर्धास्त. ऑगस्ट 2024 पासून ते माझ्या खात्यात येत होते, आणि त्यांचा हिशेब मी कुणाला देत नव्हते, हे त्यांचं खरं मोल. तर एका दुपारी अंगणवाडीच्या ताई यादी घेऊन दारात.

"ताई, गाडी कुणाच्या नावावर?"

"ह्यांच्या. पण ती मालाची आहे. आम्ही बसून फिरत नाही."

"चाकं किती?"

मी टेम्पोकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. योजनेत चारचाकीवाल्या घरातली बहीण लाडकी नाही. ट्रॅक्टर तेवढा वगळलेला, त्याचीही चाकं चारच. पण ट्रॅक्टरचं नशीबच वेगळं. शेजारच्या रिक्षावाल्यांच्या सौभाग्यवती जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्याकडे तीनच चाकं, त्यामुळे चेहऱ्यावर कमालीची शांती. त्यांची रिक्षा आमच्या टेम्पोपेक्षा जास्त कमावते, हे अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. पण उत्पन्न कुणी मोजावं? चाकं कशी, दारातूनच मोजता येतात.

ताईंचा तरी काय दोष! "मी नोंद करते, पुढे वरून काय ते ठरेल," असं म्हणून त्या बिचाऱ्या पेन काढून यादीवर वाकल्या. तोवर सासूबाई दोन्ही नवे डोळे घेऊन बाहेर आल्या, टेम्पोभोवती एक चक्कर मारून खाली वाकून बघितलं आणि माझ्या कानाशी लागल्या,

"सूनबाई, खाली स्टेपनी आहे गं. ते पाचवं काही बोलू नकोस."